वाचकांचे प्रश्न : चंद्रावर गेलेल्या पैशाचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. अवकाश मोहिमा आणि सरकारी पैशावर चालणारे संशोधन यांच्यावर लोकप्रतिनिधींचा नेमका किती वचक असतो, असे बहुतेकांनी या ना त्या रीतीने विचारले आहे. त्यामुळे बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून या वेळी हा एकच विषय घेतला आहे. जागेअभावी प्रश्न थोडे आवरते घेतले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

२०१९ च्या सप्टेंबरात आम्ही शाळेच्या सभागृहात मुलांना रात्रभर जागवून चांद्रयान-२ चे उतरणे दाखवले. संपर्क तुटला तेव्हा मुलांचे चेहरे पाहवत नव्हते. नंतर ‘शास्त्रज्ञांना जाब विचारू नका’ असेच सगळीकडे ऐकू आले. संसदेने तरी काही विचारले का? आणि असे विचारणे योग्य होते का? (निवृत्त विज्ञानशिक्षक, गंगापूर रोड)

विचारले, आणि उत्तरही मिळाले, पण ते फार थोड्या लोकांनी वाचले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ‘विक्रम’ या चंद्रावर उतरणाऱ्या यानाशी संपर्क तुटल्यानंतर बराच काळ जनतेसमोर ‘संपर्क तुटला’ एवढाच शब्दप्रयोग फिरत राहिला. त्यानंतर २० नोव्हेंबरला लोकसभेत एका प्रश्नाला लेखी उत्तर देताना अवकाश विभागाचे राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी उतरण्याचा टप्प्याटप्प्याने तपशील दिला. चंद्रपृष्ठापासून ३० किलोमीटर ते ७.४ किलोमीटर उंचीपर्यंतचा पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडला आणि या टप्प्यात वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. दुसऱ्या टप्प्यात मात्र वेग आखणीपेक्षा अधिक प्रमाणात घटला, त्यामुळे शेवटच्या सूक्ष्म वेगनियंत्रणाच्या टप्प्याची सुरुवातच आराखड्याच्या मर्यादेबाहेरच्या स्थितीतून झाली, आणि ‘विक्रम’ ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळले.

आपल्या विद्यार्थ्यांना हा परिच्छेद फळ्यावर लिहून दाखवावा असे मला वाटते, कारण त्यात एक अनपेक्षित गोष्ट आहे. यान आदळले म्हणजे ब्रेक कमी पडला असणार, असे आपण सहज धरून चालतो. येथे एका टप्प्यात वेग प्रमाणाबाहेर कमी झाला आणि पुढचे गणित तेथेच बिघडले. चांद्रयान-३ च्या वेळी ‘काय काय चुकू शकते’ हे आधी धरून आराखडा केल्याचे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते. उतरण्यासाठी ५०० मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाऐवजी सुमारे ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद पट्टा धरला गेला आणि पायही अधिक भक्कम केले गेले. संसदेतील प्रश्नामुळे हे बदल झाले असा दावा मी करणार नाही, कारण ते काम इस्रोच्याच तज्ज्ञांचे होते. मात्र अपयशाचे वर्णन सरकारी कागदावर आणि जबाबदार मंत्र्याच्या नावाने उमटले ते खासदारांच्या प्रश्नामुळे.

जाब विचारणे म्हणजे दोषी ठरवणे, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. प्रयोग फसण्याचा अधिकार शास्त्रज्ञाला असलाच पाहिजे, पण तो प्रयोग आपल्या पैशातून झालेला असेल तर तो कसा फसला हे ऐकण्याचा अधिकार आपल्याला उरतो, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले असे वाचले. हा पैसा कोणी मंजूर केला? खासदार त्यावर मतदान करतात का? अमेरिकेत संसद एखादी मोहीम बंदही पाडू शकते म्हणतात, तसे येथे शक्य आहे का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सिन्नर)

या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या कराव्या लागतील.

मोठ्या मोहिमेला मंजुरी देते ते केंद्रीय मंत्रिमंडळ. गगनयानाचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मंत्रिमंडळाने ९,०२३ कोटी रुपयांना मान्यता दिली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी उड्डाणे आणि भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग त्यात धरून ही रक्कम २०,१९३ कोटींवर नेण्यात आली. यापैकी कोणत्याही आकड्यावर संसदेत स्वतंत्र मतदान झालेले नाही. संसद मत देते ते वर्षावर्षाच्या पैशाला, आणि तेही अख्ख्या अवकाश विभागाच्या अनुदानाच्या एका मागणीला. २०२४-२५ साठी ती मागणी सुमारे १३,०४२ कोटींची होती. तीत श्रीहरिकोट्याच्या तळापासून अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रापर्यंत सगळे आले.

राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार ही मागणी लोकसभेपुढे येते. तेथे मतदान होण्याआधी ती स्थायी समितीकडे जाते. विभागांशी संलग्न अशा स्थायी समित्या १९९३ पासून सुरू झाल्या असून आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अवकाश विभाग हा विज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल यांच्या समितीच्या कक्षेत येतो, आणि त्या समितीचे कामकाज राज्यसभा सचिवालय पाहते. समितीपुढे मंत्री येत नाहीत, सचिव येतात. अवकाश विभागाची गंमत अशी की विभागाचे सचिव, अंतराळ आयोगाचे अध्यक्ष आणि इस्रोचे अध्यक्ष ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. म्हणजे योजना आखणारा, ती राबवणारा आणि समितीपुढे उत्तर देणारा माणूस एकच. १९७२ पासूनची ही रचना निर्णय झटपट व्हावेत म्हणून केलेली आहे आणि त्याचा लाभ देशाला झाला हे नाकारता येणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर समोर नेहमी एकच खुर्ची असते. शिवाय हा विभाग पंतप्रधानांच्या अखत्यारीत असल्यामुळे समितीचे सदस्य, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, थोडे बेतानेच बोलतात असे मला वाटते. हे माझे मत आहे, ते नियमांत कोठे लिहिलेले नाही.

समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. शिफारशींवर काय केले हे मात्र साधारण तीन महिन्यांत कळवावे लागते. हे अहवाल संकेतस्थळावर मिळतात, आणि त्यांतला सर्वांत बोलका भाग म्हणजे तीन रकान्यांचे कोष्टक, ज्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडलेले असतात. २०२०-२१ मध्ये अवकाश विभागाला सुमारे १३,४७९ कोटी देऊ केले होते आणि सुधारित अंदाजात ते ९,५०० कोटींवर आले. ते करोनाचे वर्ष होते, म्हणून समजून घेता येईल. पण २०२२-२३ मध्येही १३,७०० कोटींचे १०,५३० कोटी झाले. मोहीम रेंगाळली म्हणून पैसा उरला, की पैसा कापला म्हणून मोहीम रेंगाळली, असा प्रश्न या दोन आकड्यांमधून उभा राहतो. आपल्या घरी बांधकामाला काढलेले पैसे वर्षअखेर शिल्लक दिसले की आपणही गवंड्याला हेच विचारतो.

समितीनंतर सभागृह. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चेला वेळ नसतो, म्हणून चार-पाच खाती निवडली जातात आणि उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकल्या जातात. याला संसदेच्या बोलीत ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा होऊ शकली नाही. २३ मार्च २०२३ रोजी गदारोळात सगळ्या मागण्या संमत झाल्या, त्यांत अवकाश विभागाचीही होती. बरोबर पाच महिन्यांनी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ उतरले, आणि सप्टेंबरच्या विशेष अधिवेशनात दोन्ही सभागृहांत त्या यशावर भरभरून भाषणे झाली. आनंद व्यक्त करण्यात वावगे काहीच नाही, पण पैसा देतानाची वेळ आणि टाळ्या वाजवतानाची वेळ यांतली ही तफावत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता अमेरिकेविषयी. जुलै २०११ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचा खर्च वाढत चालला म्हणून प्रतिनिधिगृहाच्या खर्चविषयक समितीने तो प्रकल्पच बंद करण्याचा प्रस्ताव आणला होता. अखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रकल्प वाचवला, मात्र उभारणीच्या खर्चाला ८ अब्ज डॉलरची मर्यादा कायद्यातच घालून दिली. २०१८ मध्ये ती मर्यादा ओलांडली जाणार हे दिसल्यावर ‘नासा’ला पुन्हा काँग्रेसची परवानगी घ्यावी लागली. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. आपल्याकडे असे घडणे जवळजवळ अशक्य आहे. येथे खासदाराच्या हातात कपातसूचना असते. धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणा, किंवा एखादी तक्रार नोंदवायची म्हणून शंभर रुपये कमी करा, असे तो मांडू शकतो. परंतु अशी सूचना संमत होणे म्हणजे सरकारने सभागृहाचा विश्वास गमावणे असा अर्थ लावला जातो, त्यामुळे सत्तारूढ पक्षाचा सदस्य तिच्या वाटेला जात नाही आणि विरोधकाची सूचना पडते. आपल्या पद्धतीत संसद मोहीम थांबवत नाही. ती फार तर मोहिमेविषयी बोलायला भाग पाडते.

मी सातपूरला एका कारखान्यात तीस वर्षे काम केले. लेखापरीक्षक येत, एका बुशची किंमत दोन रुपयांनी का वाढली ते विचारत, पण तो बुश यंत्रात कोठे बसतो हे त्यांना ठाऊक नसे. मग कॅगच्या लोकांना रॉकेटमधले काय कळणार? (वाचक, सिडको)

बुशचे उदाहरण मार्मिक आहे, आणि कॅगच्या, म्हणजे भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या, बाबतीत ही टीका अनेक शास्त्रज्ञही करतात. वैज्ञानिक खात्यांसाठी कॅगची स्वतंत्र शाखा आहे हे खरे, तरी इंजिनाची रचना बरोबर होती की चूक हे ठरवणे हे तिचे काम नाहीच. ती पाहते तो निर्णयाचा माग, म्हणजे कोणत्या टिपणावर कोणी सही केली, आणि सही करणाऱ्याला त्या वेळी काय काय सांगितले होते.

अँट्रिक्स-देवास प्रकरण याच मार्गाने उलगडले. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्सने २८ जानेवारी २००५ रोजी देवास या खासगी कंपनीशी करार केला. दोन उपग्रहांच्या क्षमतेचा बहुतांश भाग आणि त्यासोबत ‘एस’ पट्ट्यातील मौल्यवान ध्वनिलहरींचा वापर भाडेपट्ट्याने द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. येथे ‘ध्वनिलहरी’ हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला असला तरी त्या रेडिओलहरी होत, हे जाता जाता नमूद करतो. पुढे त्यांपैकी जीसॅट-६ या उपग्रहाला मंजुरी मागताना मंत्रिमंडळापुढे गेलेल्या टिपणात या आधीच झालेल्या कराराचा उल्लेखच नव्हता, हे कॅगने मे २०१२ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात दाखवून दिले. तोपर्यंत, फेब्रुवारी २०११ मध्ये, सरकारने करार रद्द केला होता. त्यातून आंतरराष्ट्रीय लवादांपुढे वर्षानुवर्षे दावे चालले, आणि देवास कंपनी गुंडाळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये कायम केला. यात रॉकेटचे ज्ञान कोठेच लागले नाही. तारखा लावून वाचणारा माणूस लागला. आपल्या त्या लेखापरीक्षकाने बुशच्या किमतीऐवजी खरेदीचा ठराव कोणत्या तारखेचा आहे ते विचारले असते, तर कदाचित आपणही त्याला चहा पाजला असता.

कॅगचे अहवाल पुढे लोकलेखा समितीकडे जातात. २२ सदस्यांच्या या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. अडचण एवढीच की हे सारे खर्च होऊन गेल्यावरचे परीक्षण आहे. करार २००५ चा आणि अहवाल २०१२ चा, यावरून अंतर लक्षात यावे.

अवकाशाचे राहू द्या. माझी द्राक्षबाग आहे. द्राक्ष आणि गहू संशोधनावर सरकार खर्च करते, त्याचा हिशेब कोणाला विचारायचा, आमदारांना की खासदारांना? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

संस्था कोणाची हे पाहून ठरवावे. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र भारतीय कृषी संशोधन परिषदेचे आहे, म्हणून तो प्रश्न खासदारांचा, आणि त्याची तपासणी कृषिविषयक स्थायी समिती करते. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पिंपळगाव बसवंतचे कांदा-द्राक्ष केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत, त्यांचे अनुदान प्रामुख्याने राज्याच्या अर्थसंकल्पातून जाते, म्हणून तेथे आमदार. आपल्याकडे पेरले जाणारे ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ आणि ‘गोदावरी’ हे गव्हाचे वाण निफाडचेच. दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जलसंपदा विभागाची असल्याने तीही विधिमंडळाच्या कक्षेत येते. धरणाच्या मातीचे आणि काँक्रीटचे नमुने तपासणाऱ्या या संस्थेविषयी विधानसभेत किती प्रश्न येतात, हे आपल्या आमदारांना एकदा अवश्य विचारावे.

अवकाशाविषयी भारतात कायदाच नाही असे प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. उद्या खासगी कंपनीचा उपग्रह कोणाच्या घरावर कोसळला तर भरपाई कोण देणार? (विधी शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

प्राध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे. अणुऊर्जेसाठी आपण १९४८ मध्येच कायदा केला. अवकाशासाठी सर्वसमावेशक कायदा संसदेने केलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता, पण तो विधेयक होऊन संसदेत आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये आले ते भारतीय अवकाश धोरण, म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय. खासगी कंपन्यांना परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ ही संस्थाही कायद्याने निर्माण झालेली नाही.

भरपाईचे उत्तर आंतरराष्ट्रीय करारांत आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने खासगी संस्थांच्या कृतींचीही जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर टाकली आहे, त्यांच्यावर परवानगी आणि सततची देखरेख ठेवणे बंधनकारक केले आहे, आणि १९७२ च्या दायित्व करारानुसार परक्या देशात जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई उपग्रह सोडणाऱ्या राष्ट्राला द्यावी लागते. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुइंधन असलेला कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला तेव्हा पुढे तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे परदेशाच्या दृष्टीने भरपाई देणार ते भारत सरकार, पर्यायाने करदाता. सरकारने ती रक्कम कंपनीकडून कशी व किती वसूल करायची, विमा किती असावा, हे ठरवायला देशांतर्गत कायदा लागतो आणि तोच नाही.

माझ्या पिढीच्या वाचकांना जुलै १९७९ मध्ये कोसळलेले स्कायलॅब हे ‘नासा’चे अंतराळ स्थानक आठवत असेल. आमच्या वाड्यात दोन रात्री कोणी गच्चीवर झोपले नव्हते. ते शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, आणि तेथील एका नगरपालिकेने ‘नासा’ला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. दंड विनोदाने होता, पण दंड करण्यासाठी तिच्याकडे निदान एक नियम होता.

कायदा असला की देखरेखीची सोय त्यातच कशी करता येते हे पाहायचे असेल तर २०२३ चा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायदा वाचावा. पाच वर्षांत संशोधनासाठी ५०,००० कोटी उभे करायचे आणि त्यांतले १४,००० कोटी केंद्राने द्यायचे, अशी ती योजना आहे. प्रतिष्ठानाच्या हिशेबाचे परीक्षण कॅगने करावे आणि वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उरलेले सुमारे ३६,००० कोटी बहुतांशी उद्योग आणि देणग्या यांतून यायचे आहेत. ते आले की नाही हे त्या वार्षिक अहवालांतच दिसेल.

मी निवृत्त गृहिणी आहे. यातले काही मला स्वतःला विचारता येईल का? (वाचक, नाशिकरोड)

‘निवृत्त गृहिणी’ हे पद अस्तित्वात आले असेल तर अभिनंदन. आपल्याला नक्कीच विचारता येईल.

पहिला मार्ग खासदारांचा. पंतप्रधानांकडील खात्यांचे प्रश्न लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येतात. किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशन जाहीर होताच पत्र द्यावे. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, प्रश्न लागतात. तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतो, पण आपला प्रश्न आकड्यांचा असेल तर अतारांकितच बरा, कारण त्याचे लेखी उत्तर हाती राहते. स्थायी समित्या एखादा विषय तपासायला घेतात तेव्हा जनतेकडून निवेदनेही मागवतात. ती जाहिरात वृत्तपत्रात येते आणि बहुधा नजरेतून सुटते.

दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. संरक्षण संशोधन संस्थेला या कायद्यातून बरीचशी सूट आहे, इस्रोला तशी सरसकट सूट नाही. मात्र कलम ८(१)(अ) मध्ये राष्ट्राच्या ‘वैज्ञानिक हितसंबंधां’चा उल्लेख आहे आणि त्याच्या आधारे माहिती नाकारता येते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका केंद्रीय संशोधन संस्थेला ‘प्रकल्प का लांबला’ असे विचारले होते. तिसाव्या दिवशी उत्तर आले की ‘का’ ही माहिती नव्हे. ते उत्तर कायद्याला धरूनच होते, चूक माझ्या अर्जात होती. पुढच्या अर्जात मी समितीच्या शिफारशीचा क्रमांक लिहिला आणि तिच्यावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणाची प्रत मागितली, तेव्हा चार पाने आली. दुसऱ्या पानावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि तिच्याखाली तीन सुधारित तारखा होत्या, प्रत्येकीपुढे आद्याक्षरे होती. अर्जाचे शुल्क दहा रुपये.